कुशाक्काची भिंत

आमच्या गल्लीत नव्यानं आलेल्या माणसाचा पहिल्याच दिवशी गैरसमज होतो. सकाळी सकाळी माझ्या शेजारच्या घरातून आवाज सुरू होतो. "कुशे, गॅस! गॅस बंद कर आधी! आता कुठं निघालीस, बधिरे? चहात साखर टाकलीस का? न्हाई टाकली. मग टाक की! बघती काय माझ्या तोंडाकडं?" ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी खाष्ट सासू गरीब सुनेचा जीव घेतेय. मागं एक नवी नर्सबाई लसीकरणाला आली होती. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "मावशी, सुनेला असं बोलू नये. कायदा आहे." आतून कुशाक्का एकटीच बाहेर आली. कपाळावर घाम, हातात सांडशी. म्हणाली, "सून कुठली बाई? मीच कुशी. मीच मला बोलायले."

नर्सबाईनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि लसीचा डबा उचलून पुढच्या घरी गेली.

कुशाक्काचं नाव कुशावर्ता. वय पंचेचाळिशीच्या पुढं. मी शोभा, तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारी गिरणीवाली. दिवसभर गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय असल्यानं माझं साधं बोलणंही लोकांना भांडण वाटतं. पण आज मी जे सांगणार आहे ते साधं बोलणं नाही. आज मला खरंच राग आलाय.

आधी सांडशीचं सांगते. कुशाक्काच्या हातात सांडशी दिसली की समजायचं, घरी चुलीवर नाहीतर गॅसवर काहीतरी चढलंय. हा तिचा तिनंच काढलेला उपाय. पूर्वी भाकरी तव्यावर टाकून ती मीठ आणायला उठायची, दारात शेळी वाळत घातलेलं लुगडं चघळताना दिसायची, शेळीमागं पळत ती गल्लीच्या टोकाला जायची, तिथं कुणाचं तरी भांडण लागलेलं असायचं, मग ते मिटवायचं. तोवर भाकरीचा कोळसा. म्हणून आता काही चढवलं की सांडशी हातात घ्यायची आणि उतरवेपर्यंत खाली ठेवायची नाही. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा ओरडतात, "आक्का, सांडशी!" एकदा तर ती मयतीला सांडशी घेऊन आली. बायका रडतायत, आक्का मयताच्या सुनेला पोटाशी धरून रडतेय आणि सुनेच्या पाठीवर सांडशी टेकलेली. मी कानाशी जाऊन म्हणाले, "आक्का, दूध." ती तशीच रडत रडत उठली आणि घराकडं पळाली. दूध वाचलं. मी तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, मलाही फार दुःख झालंय.

हसायला येतं, मान्य. पण तिच्या घरात कुणी हसत नव्हतं. तिची सासू तिला 'बधिर' म्हणायची. नवरा भानुदास 'धांदरट' म्हणायचा. एकदा न्हाताना काढलेलं मंगळसूत्र तिनं ज्वारीच्या डब्यात ठेवलं आणि तोच डबा दळायला माझ्याकडं आणला. नशीब, मी दळणात हात घालून बघते, म्हणून ते सापडलं. त्या दिवशी सासूनं तिला ओसरीत उभं करून सगळ्या गल्लीसमोर जे काही ऐकवलं, ते मला आजही सांगवत नाही. आणि भानुदास? हा माणूस दूध संकलन केंद्रावर बसतो. रोज सकाळी ह्याचा चष्मा हरवतो. रोज! अख्खं घर खाटेखाली वाकून चष्मा शोधतं, आणि तो ह्याच्या कपाळावर असतो. ह्याला मात्र कुणी धांदरट म्हणत नाही. ह्याला काय म्हणतात? "कामाचा लई ताण हाय त्याला." आग लागो त्या ताणाला!

गेल्या पावसाळ्यात सासू वारली. मुलगी पल्लवी संभाजीनगरला नर्स आहे. ती आईला चार दिवस आपल्याकडं घेऊन गेली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. कुशाक्का परत आली ती बसस्टँडवरून थेट माझ्या गिरणीत. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"शोभे, बंद कर ती गिरणी."

मी बंद केली.

"मला एडीएचडी हाय," ती म्हणाली. "जल्मापासून हाय. डाक्टरीण म्हणली, ध्यान एका जागी बसत न्हाई, येकदम चार ठिकाणी पळतं. पोरींचं तर कुणाच्या ध्यानातच येत न्हाई. गोळ्या दिल्यात. म्हणली, मोठ्यानं बोलून काम करा, वस्तू डोळ्यासमोर ठिवा. मी म्हणलं, बाई, ते तर मी आधीपासनंच करायले. तर ती म्हणती कशी, शाबास." आक्काचा श्वास वर चढला. "शाबास म्हणली, शोभे. मग मी जल्मभर शिव्या कावून खाल्ल्या? कावून?"

दळायला आलेल्या दोघी बायका पिठाच्या डब्यांकडं बघत बसल्या.

भानुदासनं मात्र घरी गेल्या गेल्या तिला बजावलं, "गावात हे बोलू नको. पल्लवीचं लगीन व्हायचंय." भिंतीला भिंत असल्यानं मला सगळं ऐकू येतं. आक्काचं उत्तरही ऐकू आलं. "बधिर म्हणताना गावाची लाज न्हाई वाटली तुमाला. आता नाव कळलं तर लाज वाटायली?" त्यानंतर ताट आपटल्याचा आवाज आला. कुणी आपटलं ते कळलं नाही, पण आपटलं ते बरंच झालं.

आता किल्ल्यांची गोष्ट. आमची अर्धी गल्ली दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाते. भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या ट्रॅक्टरवर चढतात आणि घराला कुलूप लागतं. किल्ली बरोबर नेत नाहीत. फडात कोयता चालवताना किल्ली कुठं सांभाळायची? ती मागं राहणाऱ्या शहाण्या बाईजवळ द्यायची रीत आहे. ती शहाणी बाई म्हणजे आजवर आक्काची सासू. तिच्या पत्र्याच्या पेटीत गल्लीच्या किल्ल्या असायच्या, आणि सणाला ती एकेक घर उघडून देवापुढं दिवा लावायची. सासू गेली. आता किल्ल्या कुणाकडं?

आक्कानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. "शोभे, मला पायजेत त्या. मला आजवर कुणी काई सांबाळायला दिलं न्हाई. माजी पल्लवी सुदिक सासूनंच सांबाळली. म्हणायची, हिच्या हातात लेकरू दिलं तर कुटं तरी ठिवून यील." हे सांगताना ती रडली नाही. दळणाचा डबा एवढ्या जोरात ठेवला की त्याला पोचा पडला.

निघायच्या दिवशी ट्रॅक्टर उभा. बायका किल्ल्या मुठीत धरून एकमेकींकडं बघतायत. एकजण तर सरळ बोललीच, "आक्काकडं? आक्का सोताचं डोकं इसरती!" मी तोंड उघडणार, एवढ्यात सिंधू पुढं आली. सिंधू म्हणजे टोकाच्या घरातली, लेकरू काखेत, कोयता पिशवीत. तिनं किल्ली आक्काच्या हातावर ठेवली. "घे आक्का. माज्या घरात चोरायला हाय काय? फक्त संक्रांतीला देवाला दिवा लाव." आक्का म्हणाली, "लावते. तुज्या जुन्या साडीचा तुकडा दे." सिंधूनं बोचक्यातल्या साडीचा हिरवा काठ फाडून दिला. मग बाकीच्यांनीही दिल्या.

आक्कानं त्या किल्ल्या पेटीत ठेवल्या नाहीत. ओसरीच्या भिंतीवर तिनं खिळे ठोकले, गल्लीत घरं ज्या ओळीत आहेत त्याच ओळीत. एकेका खिळ्यावर एकेक किल्ली, किल्लीला त्या घरच्या बाईच्या साडीची चिंधी. बघितलं की कळावं, ही अमकीची. भानुदास करवादला, "भिंतीला चिंध्या कसल्या? पेटी हाय ना!" आक्का म्हणाली, "पेटीत घातलं की माज्यासाठी ते मेलं. डोळ्याला दिसलं तरच ते माज्या डोक्यात हाय." येता-जाता ती भिंतीपुढं थांबायची आणि एकेक चिंधी चिमटीत धरून नाव घ्यायची. एक किल्ली हलली नाही. हरवायचं तर नावच नको.

आणि मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी पल्लवीला बघायला पाहुणे आले.

आक्का तिळगुळाचे तीळ आणायला दुकानात गेली होती. पल्लवी आत साडी नेसत होती. भानुदासनं ओसरी बघितली आणि त्याला वाटलं, पाहुणे काय म्हणतील? त्यानं भिंत साफ केली. किल्ल्यांच्या चिंध्या सोडल्या, अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता त्यात घातल्या, आणि किल्ल्या सगळ्या आईच्या पेटीत टाकल्या. व्यवस्थित! त्याच्या भाषेत ह्याला व्यवस्थित म्हणतात.

पाहुण्यांनी पोहे तोंडात घातले आणि आक्का दारात आली. एका हातात तिळाचा पुडा, दुसऱ्या हातात सांडशी, कारण आत पाक चढवलेला. तिनं भिंत बघितली. मी पल्लवीला मदत करायला तिथंच होते, म्हणून सांगते, तिचं तोंड एकदम पांढरं पडलं.

"माजी भिंत कुणी पुसली?"

"अगं, पाव्हणे बसलेत," भानुदास हळूच म्हणाला. "किल्ल्या पेटीत हायेत. नीट ठिवल्यात."

"चिंध्या?"

त्यानं बंबाकडं बघितलं. मुलाच्या आईनं विचारलं, "काय झालं?" भानुदास हसून म्हणाला, "काई न्हाई, हिची तब्येत जरा..."

"तब्येत धड हाय माजी!" आक्का ओरडली. "मला एडीएचडी हाय. मला पेटीतलं ध्यानात ऱ्हात न्हाई, भिंतीवरचं ऱ्हातं. येवडंच हाय." तिनं पेटी आणली आणि पाहुण्यांच्या पोह्यांशेजारी सतरंजीवर ओतली. सगळी कुलपं गेवराईच्या बाजारातल्या एकाच दुकानातली, त्यामुळं किल्ल्या सगळ्या जुळ्या बहिणी. "सांगा, यातली सिंधूची कोणती? सांगा की! तुमाला तर सगळं ध्यानात ऱ्हातं! उद्या त्यांच्या देवाला दिवा लावायचा हाय. माज्या जिम्म्याला दिल्यात त्यांनी, तुमच्या न्हाई!"

भानुदासनं खिशात चष्मा शोधायला सुरुवात केली. चष्मा कपाळावर होता.

आक्कानं किल्ल्या पदरात भरल्या आणि निघाली. पल्लवी आतून अर्धी नेसलेली साडी धरून ओरडली, "आई, पाक मी बघते, तू जा!" मी पाहुण्यांना सांगितलं, "चहा होतोय, बसा." आणि मीही निघाले. पाहुणे नंतर 'कळवतो' म्हणून गेले. अजून कळवलेलं नाही. न कळवोत!

दुपारची गल्ली रिकामी. ओळीनं बंद दारं, ओळीनं सारखी कुलपं. आक्का सिंधूच्या दारापासून सुरू झाली. एक किल्ली लावायची, नाही लागली की पदरात टाकायची, दुसरी काढायची. म्हणजे लावून झालेली आणि न लावलेली पुन्हा एकत्र. "कुशे, बधिरे, हीच तर आता लावली! डोळं फुटले का? ठिवलं का न्हाई कोळसा करून? सासू खरं म्हणायची!" मी म्हणाले, "आण इकडं, मी लावते." तिनं पदर छातीशी आवळला. "हात लावू नको. माज्याकडं दिल्यात." मग सगळ्या किल्ल्या सिंधूच्या पायरीवर ओतून ती मटकन बसली.

"थांब, चिंध्या घेऊन येते," म्हणत मी गिरणीकडं पळाले. दळणाचे डबे ओळखायला बायका चिंध्या बांधून देतात, त्यांतल्या सुटलेल्या मी पिशवीत साठवते. ती पिशवी घेऊन परत आले. जी किल्ली लागेल तिला तिथंच चिंधी बांधू, एवढीच माझी अक्कल. कोपऱ्यावर आले आणि थांबले. भिंतीपलीकडून आवाज येत होता. आधी मला वाटलं, दुसरीच कुणी बाई आक्काजवळ येऊन बसलीय.

"ऱ्हाऊ दे बाळा. ऱ्हाऊ दे. ही लावून झाली ना, तिकडं ठिव. आता दुसरी घे. न्हाई लागली? न्हाई तर न्हाई. परत लाव. कुणी वरडायला न्हाई तुला. कुणी काई म्हणत न्हाई. लाव, माजी बाय."

मी वाकून बघितलं. पायरीवर कुशाक्का एकटीच होती.

इतकी वर्षं भिंतीला भिंत आहे. त्या घरातून त्या बाईशी कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नाही. सासू नाही, नवरा नाही. त्या सगळ्यांचा मला असा संताप आला की पुढं जायचं सोडून मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. ती हळू आवाजात बोलत राहिली, किल्ल्या एकेक करून पायरीवर वाजत राहिल्या.

मग कुलूप निघाल्याचा खटका आला. आणि लगेच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा तिचा नेहमीचा आवाज:

"शोभे! मेलीस काय तिकडं? चिंधी आण! हिरवी आण, सिंधूची हिरवी होती!"