बेबा अक्का 'आपण' म्हणाल्या तेव्हा

कार्यक्रम आखावा तर हेमलता बोरसेंनीच! हे मी म्हणत नाही, आमचे कुलगुरू म्हणतात. (एकदाच म्हणाले, पण मी स्पष्ट ऐकलं.) धुळ्याजवळच्या पांझरा विद्यापीठात मी बावीस वर्षं विद्यार्थी कल्याण विभाग सांभाळते. त्यामुळे 'आवारात सौजन्य व आपलेपणा वाढीस लावावा' असं वरून पत्र आलं, तेव्हा कुलगुरूंनी ते सरळ माझ्यापुढे सरकवलं.

"मॅडम, सोमवारपासून सौजन्य वाढलं पाहिजे."

"वाढेल सर! शनिवारपर्यंत पोती भरून देते!"

मी 'सौजन्य सप्ताह' जाहीर केला. नियम एकच. आवारात अरे-तुरे बंद! शिपाई असो की कुलगुरू, प्रत्येकाला 'आपण'. प्रत्येकाच्या छातीवर गुलाबी बिल्ला. शिवाय विद्यार्थ्यांसाठी एक फॉर्म : 'आवारात आपल्याशी कोण अरे-तुरे करतं? नाव लिहा.' हा फॉर्म सुचला त्या रात्री मी स्वतःवरच इतकी खूश होते की दोनदा जेवले.

सोमवारी सकाळी पहिला दणका गेटवर बसला. आमचे वॉचमन फत्तेसिंग भाऊ एरवी "ए हिरो, तिकडं लाव!" एवढ्यात एक गाडी निकालात काढतात. आता त्यांच्या हातात माझा कागद होता. "नमस्कार. आपलं सहर्ष स्वागत आहे. आपण कृपया आपलं वाहन डावीकडील वाहनतळावर..." एवढं वाचून होईपर्यंत मागे सात गाड्या उभ्या! त्यात पोरंही बिल्लेवाली. "आधी आपण जा." "छे छे, आधी आपण!" अकरापर्यंत रांग हायवेवरच्या पेट्रोल पंपाला टेकली आणि आत एकही माणूस नाही.

दुसरा दणका दुपारी परीक्षा विभागात. तिथली मोनाली एरवी मान वर न करता "उद्या या" म्हणते. त्या दिवशी ती चक्क उभी राहिली. "या सर, आपण बसा ना. पाणी घेता?"

भौतिकशास्त्राच्या महाजन सरांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "मोनाली, खरं सांग. माझ्यावर चौकशी लागली ना?"

"नाही हो सर! आपण निवांत बसा."

"निवांत! म्हणजे सस्पेंडच!" सर मटकन बसले आणि बायकोला फोन लावून म्हणाले, "अगं, मन घट्ट कर."

सुरुवातीला असं व्हायचंच, असं म्हणून मी मोर्चा कॅन्टीनकडे वळवला. आवारातलं सगळ्यात मोठं असौजन्य तिथंच राहत होतं. त्याचं नाव बेबाबाई. सगळे त्यांना बेबा अक्का म्हणतात. साठीची बाई, आवाज पिठाच्या गिरणीचा. कुणाचं खरं नाव त्यांना ठाऊक नाही. विद्यार्थ्यांतला उंच आकिब म्हणजे 'बांबू', वाणिज्यचे डीन म्हणजे 'चष्मा'. आणि जिवली पावरा म्हणजे 'सातपुडानी वाघीन'!

ही जिवली पहिल्या वर्षाची. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेली. त्या पाड्यावरून विद्यापीठात पोचलेली पहिलीच मुलगी. वर्गात तोंडातून शब्द निघत नसे. पण दुपारी कॅन्टीनच्या दारात आली की अक्का ओरडायच्या, "उनी का वं वाघीन? बठ आठे! भाकर खाय, तुना हाडकं दखाई राह्यनात!" आपली हाडं दिसतात हे ऐकून ती हसायची. दिवसातून तेवढंच.

अक्कांना मी दोन तास प्रशिक्षण दिलं.

"तू नाही म्हणायचं अक्का, 'आपण' म्हणायचं."

"आपन म्हंजे मी आनि तू?"

"नाही! आपण म्हणजे समोरचा!"

"मंग मी कोन?"

शेवटी एकदाचं जमलं. मंगळवारी जिवली आली, तर अक्का बिल्ला लावून खांबासारख्या ताठ. "नमस्कार. आपन काय घेनार?"

जिवलीनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"अक्का, मी आहे!"

"आपन बसावं. आपल्याले भाकर भेटीन."

पोरीनं ताट तसंच ठेवलं आणि निघून गेली. कारण सकाळीच तिनं माझा फॉर्म भरला होता. 'कोण अरे-तुरे करतं?' या प्रश्नापुढे मोठ्या आनंदानं लिहिलं होतं 'बेबा अक्का' आणि शेजारी फूलही काढलं होतं! आता तिला वाटलं, अक्कांना हे कळलं आणि त्यांनी आपल्याला तोडलं.

इथपर्यंत निभावलं असतं. पण माझ्या अंगात कार्यक्षमता फार! संध्याकाळी मी एकशे चौऱ्याऐंशी फॉर्म मोजले. सगळ्यांवर एकच नाव. मी मथळा टाईप केला, 'असौजन्य निदर्शनास आलेल्या व्यक्ती', खाली ते एकुलतं एक नाव टाकलं आणि कागद कॅन्टीनच्याच दारावर डकवला!

अक्कांना वाचता येत नाही. बुधवारी सकाळी त्यांनी आकिबकडून तो वाचून घेतला.

"अक्का, सगळ्यांनी तुमचंच नाव दिलंय," तो खाली मान घालून म्हणाला.

"वाघीननं बी?"

"तिनंही."

अक्कांनी गॅस बंद केला, बिल्ला काढून खिडकीत ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि पायरीवर बसून राहिल्या.

अकरा वाजता चहा नाही, हे विद्यापीठाच्या लक्षात आलं. साडेअकराला हजारेक पोरं इमारतीपुढे जमली. पण सप्ताह चालू होता ना! त्यामुळे घोषणा अशा : "कुलगुरू महोदय, आपला कृपया धिक्कार असो!" "चहा देण्याची कृपा करा, नाहीतर खुर्ची सोडण्याची कृपा करा!"

कुलगुरू गॅलरीतून वाकून बघत होते. "मॅडम, हे सत्कार करताहेत की शिव्या देताहेत?"

तेवढ्यात जिवलीच्या खोलीतली अलफिया धापा टाकत आली. "मॅडम, जिवली गेली! बॅग घेऊन! म्हणाली, इथं माझं कुणी नाही, अक्कापण 'आपण' म्हणायला लागली. शिरपूरच्या गाडीनं जाते, परत येणार नाही."

पाड्यावरून आलेली पहिली मुलगी, आणि ती माझ्या सौजन्यामुळे परत चालली होती! मी धावत अक्कांकडे गेले. माझं निम्मं बोलणं व्हायच्या आत त्या उठल्या, कॅन्टीन उघडून भाकरीचं गाठोडं उचललं आणि आकिबला म्हणाल्या, "बांबू, गाडी काढ!"

एका मोटरसायकलवर तिघं. पुढे आकिब, मध्ये अक्का आणि मागच्या लोखंडी कॅरियरवर विद्यार्थी कल्याण विभाग! गेटवर फत्तेसिंग भाऊंनी कागद उघडला. "नमस्कार. आपण कृपया..."

"बाजूले सरक रे फत्त्या!" अक्का गरजल्या.

तीन दिवसांत पहिल्यांदा भाऊंचा चेहरा खुलला. "जा अक्का, पळा!"

धुळे स्टँडवर गाडी निघण्याच्या बेतात होती. आकिबला खाली ठेवून आम्ही दोघी चढलो. जिवली शेवटच्या सीटवर, तोंड खिडकीकडे.

"जिवली, आपण कृपया..." मी सवयीनं सुरू केलं. अक्कांनी मला कोपरानं ढकललं आणि कुठं निघालीस म्हणून तिलाच दरडावलं.

"ए वाघीन! माले न सांगता कथा चालनी?"

पोर वळली. डोळे लाल. "अक्का, मी तक्रार नाही केली! मॅडमनी विचारलं, तुला 'तू' कोण म्हणतं. मला तर तूच एक म्हणतेस!"

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "मंग काबर रडी राह्यनी, येडी?"

"तू 'आपण' म्हणालीस!"

"माले बी या मॅडमनी सांगेल व्हतं ना!"

अख्खी गाडी माझ्याकडे वळली. पुढच्या सीटवरची एक म्हातारी हनुवटीला बोट लावून म्हणाली, "अशी कशी वं बाई तू?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर खिडकीबाहेर पांझरेचा पूल मागे पळत होता! रडारडीत कंडक्टरनं डबल बेल कधी दिली, कळलंच नाही.

"कंडक्टर साहेब, आपण गाडी थांबवण्याची कृपा..."

"आता सोनगीर! मधे थांबत नाही."

सोनगीरला आम्ही तिघी बॅगेसकट उतरलो. परतीच्या गाडीला वेळ होता. फाट्यावरच्या लिंबाखाली अक्कांनी गाठोडं सोडलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, कांदा. जिवली खात होती आणि अक्का तिच्या हाडकांवर भाषण देत होत्या. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी लांब उभी. कोणत्या तोंडानं जवळ जाणार?

"ए लांबोडी! तठे काय उभी? आठे बठ, खाई ले!"

लांब उभी म्हणून मी लांबोडी! बावीस वर्षांत त्या आवारातल्या कुणी मला 'ए' म्हटलं नव्हतं. मी मॅडम, बोरसे मॅडम, कल्याण मॅडम. मी जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं. ठेचा तिखट आहे, असं मी त्या दोघींना सांगितलं.

संध्याकाळी दारावरचा कागद मी स्वतः फाडला. अक्कांना सगळ्यांदेखत सांगितलं, "चूक माझी." त्या म्हणाल्या, "माहीत शे." वरच्या पत्राला आम्ही उत्तर पाठवलं की सप्ताह उत्साहात पार पडला आणि तीन दिवसांतच उद्दिष्ट गाठल्यामुळे आटोपता घेतला.

दुसऱ्या दिवशी अकराला मी रुबाबात कॅन्टीनमध्ये गेले. अधिकारी जातात तशी, थेट काउंटरपाशी. म्हटलं, आता आपण अक्कांच्या घरच्याच!

"ए लांबोडी! रांग दिखत नई का तुले? मांगे सरक!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. जिवलीनं शिट्टी वाजवली. मी मुकाट्यानं एक्केचाळीस जणांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि माझा नंबर आला तेव्हा चहा संपला होता.