बिरूआबांचा म्होरक्या
आमच्या कुपवाडच्या अपार्टमेंटला लागून एक मोकळा प्लॉट आहे. तिथे रोज सकाळी एक लाल फेटेवाले म्हातारबाबा, खांद्यावर घोंगडी टाकून, काठीवर हनुवटी टेकून उभे असायचे. समोर काहीच नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जवळ जाऊन विचारलं, "काय करताय आबा?"

"चारतोय की."

मी चहूकडे नजर फिरवली. एक शेळीसुद्धा दिसेना. तेव्हा त्यांनी काठीचं टोक खाली दाखवलं. गवतात एक कासव बसलं होतं.

हे बिरूआबा, आमच्या वरच्या मजल्यावरचे. मूळचे आटपाडीकडचे धनगर. उभा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला घाट चढून परत यायचं. पुढे मुलगा इथल्या कारखान्यात लागला, मेंढरं विकली, बायको हिराबाई गेल्या आणि आबा मुलाच्या दोन खोल्यांत आले. आले म्हणजे नुसते आले. त्यांची वळकटी दोन वर्षं दाराशी तशीच बांधलेली होती. "उद्या उठायचं झालं तर?" असं ते म्हणत. उठून कुठे जायचं, हे विचारायचा धीर घरात कुणाला झाला नाही.

कासव आधीचा भाडेकरू गॅलरीत सोडून गेला होता. आबांनी त्याचं नाव ठेवलं म्होरक्या. कळपाच्या पुढे चालणाऱ्या जनावराला म्होरक्या म्हणतात. मागे कळपच नाही, ही गोष्ट त्या दोघांनीही मनावर घेतली नव्हती.

गेटपासून प्लॉटातल्या लिंबापर्यंत माझी चाळीस पावलं भरतात. म्होरक्याला तिथवर पोचायला दुपार व्हायची. आबा मागे. "जनावराच्या म्होरं जाऊ न्हाई गुरुजी, त्याचं मन मोडतं." मी शाळेतून रिटायर झालेला, वेळच वेळ. मीही शेजारी उभा राहू लागलो. कोवळं ऊन अंगावर यायचं, कारखान्यांची घरघर लांब लांब जायची आणि आबा घाटातल्या धुक्याचं सांगायचे. मेंढरं दिसत नाहीत, नुसत्या घंटा ऐकू येतात, आणि आपण त्या आवाजामागं चालत राहायचं. ऐकता ऐकता मला उभ्या उभ्या डुलकी लागायची. इतकं सुख मला तीस वर्षांच्या नोकरीत मिळालं नव्हतं.

थंडी पडली आणि म्होरक्या थांबला. खाईना, हलेना, डोकं आत ते आतच. सून म्हणाली, "मामंजी, गेलं असंल ते. पुरून टाकूया लिंबाखाली."

"गेलं न्हाई. जागा नडलीया त्याला."

मेंढरं मरगळली, चरेनात, की मुक्काम हलवायचा. आबांना एवढं एकच औषध ठाऊक. मग काय, म्होरक्याचे मुक्काम सुरू झाले. गच्ची झाली, जिना झाला, पाण्याच्या मोटारीची खोली झाली. प्रत्येक ठिकाणी आबा त्याच्या पाठीला भंडारा लावत, भोवती काठी फिरवत आणि वाट पाहत. एक दिवस कासव वॉचमनच्या खुर्चीवर आणि वॉचमन दिवसभर उभा, असाही प्रकार झाला. एकदा मला ते माझ्या चपलांच्या स्टँडवर सापडलं.

शेवटी मी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "जिवंत आहे. थंडीनं सुस्तावलंय. उबेला, एका जागी राहू द्या. सारखं हलवाल तर मात्र जाईल."

डॉक्टर गेले. आबा जिन्यात मटकन बसले.

"हिरा बी हेच म्हनत हुती," ते म्हणाले. "ती आजारी पडली तवा मी आटपाडी केली, मिरज केली, कराड केलं. हितली हवा मानवंना, दुसरीकडं न्हेऊ. ती म्हनली, आवं, आता हलवू नगा मला. एका जागी पडू द्या, आन् तुमी जवळ बसा. मी बसलो न्हाई गुरुजी. गाडी बघाय गेलो. आलो तवा..."

मी नुसता त्यांच्या शेजारी बसलो.

त्या दिवशी आबांनी दाराशी बांधलेली वळकटी सोडली. आत हिराबाईंनी लोकर कातून दिलेली काळी घोंगडी होती. ती गॅलरीच्या उबेच्या कोपऱ्यात अंथरली, त्यावर म्होरक्याला ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसले. प्लॉट ओस पडला. सून चहा तिथेच आणून द्यायची. मी संध्याकाळी वर गेलो की आबा हलक्या आवाजात सांगायचे, "हाय. हाय अजून." त्यांचं सगळं लक्ष त्या कवचावर असायचं. मला काळजी वाटायची ती कासवाची नाही, आबांची.

शिमगा झाला, ऊन तापलं. एका सकाळी सुनेनं वरून हाक मारली म्हणून मी धावत गेलो. कवचातून सुरकुतलेलं डोकं बाहेर आलं होतं. "चला मामंजी, न्या प्लॉटात!" सून म्हणाली. मी त्याला उचलायला वाकलो, तर आबांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नगा. त्याला वाटंल तवा जाईल."

म्होरक्या घोंगडीवरून तीन-चार पावलं चालला आणि आबांच्या पायाला टेकून थांबला. आबांनी पाय तसूभरही हलवला नाही.

"बस," ते म्हणाले. "बसलोय मी हितंच."