गल्लीला पाठ झालेला पासवर्ड

केशवरावांनी सकाळी घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलला आणि दुपारी ते तो विसरले. एवढीच गोष्ट. पण केशवराव वरठीच्या कारखान्यात जन्मभर फोरमन होते आणि फोरमन माणूस चूक कबूल करत नाही, तो आधी मशीनला शिव्या देतो.

"कंपनीचाच लोचा आहे," ते म्हणाले. हळू बोलणं त्यांना जमायचं नाही. कारखान्याच्या खडखडाटात जन्म गेलेला, त्यामुळे घरातलं बोलणंही गल्लीच्या टोकापर्यंत जायचं.

त्यांची मुलगी प्रतिक्षा इस्त्रीचा ड्रेस घालून कंप्युटरसमोर बसली होती. नागपूरच्या एका बँकेत नोकरीसाठी तिची ऑनलाइन मुलाखत होती, थोड्याच वेळात. किती अर्ज केले तेव्हा कुठे हे पहिलं बोलावणं आलं होतं.

"बाबा, पासवर्ड चूक आहे म्हणून सांगून रायला. तुमी बदलला काय?"

"मी कायले बदलू?"

बदलला होता तो केवळरामसाठी. शेजारचा केवळराम दिवसभर ओसरीत बसून मोबाइलवर शंकरपटाच्या शर्यतीतले बैल पळताना बघायचा, आणि ते बैल आपल्याच नेटवर पळतात असा केशवरावांना दाट संशय होता. तोंडावर विचारायची सोय नव्हती. केवळरामच्या बायकोने, पुष्पाबाईने, रस्त्यावर वाळत घातलेल्या धानावरून केशवरावांनी मोटारसायकल नेली होती, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

मग दुरुस्ती सुरू झाली. केशवरावांनी राउटर भिंतीवरून काढला, झटकला, परत लावला. मागच्या वायरी उपसून पुन्हा खुपसल्या. त्या गडबडीत मॉनिटरची वायर निघाली आणि स्क्रीनच काळा पडला. तो उजळेपर्यंत प्रतिक्षा रडकुंडीला आली.

तेवढ्यात बायजाबाई बाजारातून आल्या. भाजीची पिशवी हातातच धरून त्या म्हणाल्या, "मोबाइलवरून दे ना वं."

"आई, रेंज फक्त न्हाणीजवळ येते. तिथं बसून मुलाखत देऊ काय?"

बायजाबाईंनी खरंच जाऊन न्हाणीजवळची बादली हलवली, खुर्चीपुरती जागा केली.

"सरक, मी पायतो," म्हणत केशवरावांनी कीबोर्ड ओढून घेतला. वरठी टाकून पाहिलं, शेजारच्या मोहाडीचं नाव टाकून पाहिलं, मोटारसायकलचा नंबर टाकला. काहीच लागेना. कपाळावर घाम आला. आता सांगावं तर बापाची लाज जाते, न सांगावं तर पोरीची नोकरी. शेवटी त्यांनी मान खाली घातली.

"बदलला बाप्पा. पण आठवत नाई."

प्रतिक्षाने घड्याळाकडे बघितलं आणि कीबोर्ड परत आपल्याकडे ओढला. ते केशवरावांना जास्त लागलं.

दारात पुष्पाबाई उभी होती. एवढ्या महिन्यांनी.

"भाऊजी, येऊ काय जी आत? पोरीची मुलाखत होय ना आज? इंग्रजीत लाखनी टाका. पयला यल मोठा. मंग तुमचा कारखान्यातला टोकन नंबर, उलटा. मंग दोन स्टार."

प्रतिक्षाने टाकलं. नेट लागलं.

"तुमाले कसं मालूम?" केशवरावांनी विचारलं.

"सकाळी तुमीच तं एकेक अक्षर सांगत होते, टोकन नंबर उलटा टाकतो म्हणून बी. साऱ्या गल्लीचं नेट सुरू आहे जी. तुमचंच काहून बंद, म्हणून पायाले आली."

केशवराव एका बोटाने टाइप करत आणि अक्षर तोंडाने म्हटल्याशिवाय त्यांचं बोट खाली येत नसे.

बायजाबाईंचं लक्ष भलतीकडेच होतं. "लाखनी? माहं माहेर? जन्मभर नावं ठेवली ना जी तुमी त्याले."

"म्हणूनच तं टाकलं. कोणाले वाटन?" केशवराव म्हणाले आणि राउटर पुसायला लागले.

पुष्पाबाईने दारातूनच हाक घातली, "अवो, बैलं थांबवा! पोरीचं होऊ द्या!" ओसरीतले बैल थांबले. मुलाखत संपेपर्यंत गल्लीत कोणी नेट वापरलं नाही, कोणी मिक्सरही लावला नाही. प्रतिक्षा हसत बाहेर आली. पुढच्या फेरीला नागपूरला बोलावलं होतं. बायजाबाईंनी चहा टाकला, एक कप पुष्पाबाईचाही.

संध्याकाळी प्रतिक्षा म्हणाली, "बाबा, पासवर्ड बदला आता. साऱ्यायले माहीत आहे."

केशवराव कंप्युटरसमोर बसले. शेजारचा टीव्ही बंद झाला. केवळराम ओसरीच्या अलीकडच्या टोकाला सरकला. केशवरावांनी ते बघितलं, खिडकी पूर्ण उघडली, घसा साफ केला आणि सकाळपेक्षाही मोठ्याने एकेक अक्षर म्हणायला सुरुवात केली.

"हळू बोला ना जी," बायजाबाई म्हणाल्या.

"कायले? उद्या विसरलो तं इचारू कोणाले?"