तराजूची तारीख

दाताचे डॉक्टर कपाटाकडे पाहत राहिले, तशा मामी कपबश्या घेऊन घाईघाईने मध्ये आल्या.

"कपाट चांगलं दणकट दिसतंय. जुनं आहे का?"

"आमच्या लग्नातलं," मामी हळूच म्हणाल्या. हे अगदी खरं होतं. 'इथंच असतं का?' असं डॉक्टरांनी विचारलं असतं, तर मात्र पंचाईत होती. पण तेवढ्यात मामींचे यजमान, साहेब, जोरात खाकरले आणि "डॉक्टर, तुमचं यान कुठवर आलं?" म्हणाले. विषय एकदम अंतराळात गेला.

कपाट मुळात दिवाणखान्यातलं नव्हतंच. ते आतल्या खोलीतलं. विकायला काढलेलं घर बघायला डॉक्टर येणार म्हटल्यावर साहेबांनी दोन हमाल बोलावून ते बाहेर आणवलं आणि ओल धरलेल्या भिंतीला टेकवून उभं केलं. भिंत झाकली गेली, पण अर्धी खिडकीही झाकली गेली. साहेबांची आरामखुर्ची त्याच खिडकीपाशी. निवृत्त झाल्यापासून त्यांची सगळी वर्तमानपत्रं त्याच उजेडात वाचून झालेली.

"अहो, हे बरं नाही," मामी तेव्हाच म्हणाल्या होत्या.

"तुला कुणी खोटं बोलायला सांगतंय का? कुणी विचारलं नाही तर आपण बोलायचं नाही, एवढंच. तुला नातीकडे जायचंय ना?"

मामींना जायचं होतं, फार जायचं होतं. लेकीच्या गावी नात नुकती भिंतीला धरून चालायला लागली होती. फोनवर तिचा आवाज आला की मामी हातातलं काम टाकून उभ्या राहत, जणू ती पडली तर इथून धरता येणार होती. घर विकलं जाणार आणि तिच्या शेजारी बिऱ्हाड थाटायचं, एवढ्या एका आशेवर त्यांचे दिवस चालले होते. डॉक्टर आज रविवारचा खेळ संपल्यावर हो की नाही ते सांगणार होते.

मामींचा मात्र एक नेम होता. रोज सकाळी आंघोळ झाली की डोळे मिटून त्या देवाला सांगत, 'आज खोटं बोलणार नाही.' जन्मभराचं वचन द्यायची त्यांची छाती नव्हती, म्हणून आजच्यापुरतं. असं आजआज करत केस पांढरे झाले होते.

खेळ भाच्याचा होता. मामाच्या घरातलं जेवणाचं टेबल मोठं, म्हणून दर रविवारी दुपारी मंडळी इथेच जमत. भाचा गोष्ट सांगे आणि बाकीचे त्यातली माणसं होत. घर बघायला आले आणि खेळातही ओढले गेले ते डॉक्टर यानाचे कप्तान. चौकातल्या वाचनालयाच्या बाई अंतराळातल्या लुटारू. भाच्याची बायको तराजू नावाचा यंत्रमानव, दूरच्या एका तळावरचा व्यापारी. पण आज तिचा घसा बसला होता.

"मामी, आजच्या दिवस तुम्ही तराजू व्हा ना," भाच्याने गळ घातली. "काही अवघड नाही. गिऱ्हाईक येईल, माल विकायचा."

"मला नाही रे जमायचं. हा तराजू आहे तरी कोण?"

"यंत्रमानव आहे, पण त्याला स्वतःची जाणीव आहे. म्हणजे आपण कोण, काय करतोय, सगळं कळतं त्याला."

"दुकान बंद झाल्यावर काय करतो?"

भाचा गडबडला. "काही नाही करत. नुसता उभा राहतो."

"अगंबाई! सगळं कळतं आणि नुसता उभा राहतो?" मामींना त्याची दया आली, आणि त्या दयेपोटीच त्या खुर्चीत बसल्या.

पहिलं गिऱ्हाईक वाचनालयाच्या बाई. त्यांनी आवाजात जेवढा आणता येईल तेवढा लुटारूपणा आणला. "ए तराजू! हे यान कसं आहे?"

भाच्याने यानाची माहिती मामींच्या कानात सांगितली. मामींनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "दिसायला छान आहे हो. पण इंजिन तिसऱ्या ग्रहापलीकडे जाणार नाही. नका घेऊ."

"मामी, असं सांगायचं नसतं!" भाचा कळवळला.

"विचारलं ना त्यांनी?"

"हा खेळ आहे!"

"खेळात बोलतं कोण? तोंड तर माझंच ना?"

मग कप्तानांनी प्राणवायूच्या टाक्या मागितल्या. तराजूने सांगितलं, एक गळते आहे. त्यांनी नकाशा मागितला, तर तराजू म्हणाला, समोरच्या दुकानात याहून चांगला मिळेल. तासाभरात तराजूचं दुकान बसलं, समोरच्याचं चाललं आणि लुटारूबाईंना लुटायला काही उरलं नाही.

"हा यंत्रमानव बिघडलाय!" बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "माझी तक्रार आहे. याची स्मृती पुसून टाका!"

"स्मृती पुसायची?" मामी घाबरल्या. नाही म्हटलं तरी त्यांचा जीव जडला होता त्या तराजूवर.

भाच्याने नियमांचं पुस्तक उघडलं. "स्वतःची जाणीव असलेल्या व्यापारी यंत्रमानवावर एक कायदेशीर देखरेख अधिकारी असतो. त्याच्या शिक्क्याशिवाय सौदा पक्का होत नाही. तक्रारसुद्धा तोच ऐकतो." मग त्याची नजर आरामखुर्चीकडे वळली. "मामा?"

साहेब अर्ध्या उजेडात वर्तमानपत्र तिरकं धरून वाचत होते. 'पोरखेळ' असं काहीसं पुटपुटत ते उठले, पण टेबलाशी बसताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं ते मामींनी पाहिलं.

साहेब न्यायाधीश होते तेव्हा त्यांच्या कोर्टाची ख्याती मोठी होती. पुढची तारीख म्हणून कुणाला मिळायची नाही. एक वकील तापाने फणफणत घोंगडी पांघरून उभे राहिले होते, दुसरे अंगाला हळद तशीच घेऊन लग्नमंडपातून आले होते. 'उभे राहा आणि बोला,' हा साहेबांचा खाक्या.

"तक्रारदार, बोला."

वाचनालयाच्या बाई बोलल्या. व्यापारी म्हटला की त्याने मालाचे दोष पोटात ठेवावेत, चारचौघांत मांडू नयेत. मालकाने तसा हुकूम द्यावा आणि ऐकलं नाही तर स्मृती पुसावी.

साहेबांनी डोळे मिटले. त्यांचा आवाज हळूहळू कोर्टातला झाला. "ज्याला आपण आहोत हे कळतं, त्याला आपण काय बोलतो हेही कळतं. अशाचं तोंड बंद करायचा हुकूम मालक देऊ शकत नाही, सरकार देऊ शकत नाही आणि देखरेख अधिकारीही देऊ शकत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याचा तराजूला पूर्ण अधिकार आहे. तक्रार फेटाळली." आणि त्यांनी चष्म्याचं घर टेबलावर ठाणकन आपटलं.

मामींना आपल्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. तो अर्धं मिनिटच टिकला.

"छान," डॉक्टर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "मग मी तराजूला एक प्रश्न विचारतो. तराजू, या कपाटामागे काय आहे?"

भाच्याने पुस्तक मिटलं.

"हा प्रश्न खेळाबाहेरचा आहे!" साहेब म्हणाले.

"तोंड तेच आहे, साहेब. मामीच म्हणाल्या मघाशी."

साहेबांनी मामींकडे पाहिलं. मामींच्या डोळ्यांसमोर भिंतीला धरून चालणारी नात आली. मग भिंतच आली. उत्तर द्यायच्या अधिकाराचा निकाल ताजा होता आणि सकाळचा नेमही अजून ताजा होता.

"ओल आहे," त्या म्हणाल्या. "छतापासून खालपर्यंत. मोरीचा नळही टपकतो. आणि शेजारी पहाटे तबला वाजवतात, पण बरा वाजवतात."

डॉक्टर हसले. "ओल मला पहिल्याच दिवशी कळली होती. अर्धी खिडकी झाकून कपाट कोण ठेवतं हो? फक्त कुणी सांगतंय का, ते बघत होतो. मी दुरुस्त करून घेईन. घर मला पसंत आहे. मामी, माझा होकार!"

मामींनी पदर डोळ्यांना लावला. भाच्याने टाळी वाजवली. "चला मामा, मारा शिक्का! सौदा पक्का!"

साहेबांनी चष्म्याचं घर उचललं. ते वरच राहिलं.

मामींनी पदराआडून पाहिलं. साहेब डॉक्टरांकडे बघत नव्हते, खिडकीच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे बघत होते. बिचारा, मामींच्या मनात आलं, सगळं कळतं आणि नुसता उभा राहतो.

"अधिकारीसाहेब, एक विचारू?"

"तराजूला उत्तर द्यायचा अधिकार आहे. विचारायचा नाही."

"अहो, उत्तर द्यायचा आहे, मग विचारायचा का नाही?"

"मामा, मुद्दा बिनतोड आहे," भाचा म्हणाला.

"तुम्हाला हे घर सोडायचंय का?"

"तुला नातीकडे जायचंय."

"ते मला माहीत आहे. मी तुमचं विचारलं."

साहेबांनी चष्म्याचं घर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जन्मभर लोकांना 'उभे राहा आणि बोला' म्हणणाऱ्या माणसाला शब्द सापडेना. शेवटी ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"मला... एक तारीख मिळेल का?"

भाच्याने जोरात श्वास घेतला. ते घोंगडीवाले वकील हे ऐकायला नव्हते, म्हणून बरं.

नातीचा आवाज आणि हा समोरचा आवाज, दोन्ही मामींना ऐकू येत होते. मग त्या म्हणाल्या, "मिळेल. पण तोवर पक्षकारांनी नातीकडे राहून यायचं, थंडी संपेपर्यंत. तिथल्या खिडकीत बसून बघायचं. मग पुन्हा उभे राहा आणि बोला. डॉक्टर, थांबाल का हो तेवढं?"

"थांबतो. तराजूकडून घेतलेली वस्तू परत करावी लागत नाही, उशिरा मिळते एवढंच."

"आणि कपाट?" साहेबांनी विचारलं.

"कपाटाला तारीख नाही. आत्ताच हलवायचं."

साहेब आणि डॉक्टर दोघांनी खांदे लावले. कपाट कुरकुरत सरकलं. भिंतीवरचा हिरवट डाग सगळ्यांसमोर उघडा पडला आणि खिडकीतलं ऊन पुरतं आरामखुर्चीवर आलं. साहेब धापा टाकत तिथेच बसले.

"ते सगळं ठीक आहे," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "पण माझ्या यानाचं काय? घ्यायचं की नाही?"

"नका घेऊ हो," मामी कपबश्या गोळा करत म्हणाल्या. "त्याचं इंजिन अजून तसंच आहे."