कुटुंब योजनेतला जावई

माझ्या लग्नाला पाव शतक उलटून गेलं, तरी सासुरवाडीत मला अजून ‘पुतियाप्ला’च म्हणतात. पुतियाप्ला म्हणजे नवा नवरदेव. (डोक्यावर केस उरले नाहीत, गुडघे कुरकुरतात, पण नवा.) आमच्या कोझिकोडच्या कुट्टिचिऱ्यात रीतच अशी आहे. लग्न झालं की मुलगी कुठे जात नाही, नवराच संध्याकाळी बायकोच्या घरी जातो. सकाळी भरपेट नाश्ता करून निघायचं, दिवसभर आपलं काम, दुपारचं जेवण आपल्या उम्माच्या, म्हणजे आईच्या, हातचं आणि दिवेलागणीला परत बायकोच्या दारी. मी कल्लायीच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून आहे. पण सासुरवाडीच्या उंबऱ्यात पाय टाकला की मी कारकून राहत नाही. तिथे मला एकच काम असतं, ते म्हणजे खाणं. बाजारातून साधी कोथिंबीर आणायलाही मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

म्हणूनच त्या दिवशी मी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं, तेव्हा सगळं घर दचकलं.

झालं असं, की अम्मायींचा टेपरेकॉर्डर गेला. अम्मायी म्हणजे माझ्या सासूबाई, इम्बिच्चीबी. दुपारची नमाज झाली की आडवं व्हायचं आणि लग्नातली जुनी गाणी ऐकायची, हा त्यांचा नेम. त्या यंत्राने शेवटची कॅसेट शेवयांसारखी बाहेर ओकली, तेव्हा त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मी नाश्त्याला बसलो होतो, पुढ्यात तांदळाची पातळ पत्तिरी होती, पोट भरलं होतं आणि भरल्या पोटी माणूस उदार होतो. मी म्हणालो, “अम्मायी, कॅसेटचे दिवस गेले. तुमची सगळी गाणी मी फोनवर आणून देतो.”

माझी बायको सौजत हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. अम्मायींनी माझ्या ताटात आणखी एक पत्तिरी वाढली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती पत्तिरी मला कमावल्यासारखी वाटली.

आता फोनवर गाणी आणायची म्हणजे त्यातलं एखादं दुकान निवडायला हवं. मला वाटलं होतं, दुकान एकच असेल. निघाली तीन. मेलोडिक्स, ट्यूनो आणि पाट्टुवंडी. तिघांचंही म्हणणं एकच, की आमच्याकडे कोट्यवधी गाणी आहेत. मला हवी होती जेमतेम वीस, आणि ती कोणाच्या कोट्यवधींत आहेत हे कोणी सांगेना.

वखारीतला माझा सोबती चंद्रन म्हणाला, की पाट्टुवंडी घे, त्यात आपल्या मातीतली गाणी असतात. वखारीचे मालक म्हणाले, ट्यूनोसारखा स्वच्छ आवाज कुठेच नाही. मी अदबीने विचारलं, की आपण कोणती गाणी ऐकता? ते म्हणाले, मी कुठली ऐकतोय, माझा ड्रायव्हर ऐकतो. घरी आलो तर माझी मुलगी नश्वा, जी कॉलेजात जाते आणि म्हणून तिला सगळं कळतं, तिने सांगितलं की मेलोडिक्स सोडून दुसरं काही घेतलंत तर ती मैत्रिणींना तोंड दाखवू शकणार नाही. सौजतचा कल ट्यूनोकडे होता, कारण तिच्या धाकट्या बहिणीकडे पाट्टुवंडी होतं.

सुज्ञ माणसाने अशा वेळी एक काहीतरी निवडलं असतं. मी तिन्ही घेतली. तिघांनीही पहिला महिना फुकट ठेवला होता, आणि फुकटातून निवड करणं मला कधीच जमलेलं नाही.

तिघांनीही आत शिरताच माझी आवड विचारली. मेलोडिक्सने गायकांचे फोटो दाखवून म्हटलं, यातले आवडते निवडा. मी त्यातला एकही चेहरा ओळखत नव्हतो, पण कोणाला वाईट वाटू नये म्हणून सभ्य दिसणारे तिघे निवडले. ते तिघे इतके किंचाळतात की वखारीतली करवत त्यांच्यापुढे अंगाईगीत वाटावी. ट्यूनोवर मी दुपारी एक गाणं लावून झोपी गेलो, तेव्हापासून तो मला फक्त लहान बाळांना झोपवायची गाणी पाठवतो. पाट्टुवंडीत मात्र लग्नाची जुनी गाणी निघाली. मी आनंदाने ती अम्मायींना लावून दिली. पण ती कुठल्या फोनवर लावली, कोणत्या नावाने लावली आणि त्यासाठी काय काय दाबलं, हे मला तासाभरानेही सांगता आलं नसतं. पुढे पुढे तर सौजतच्या फोनवर गाणं लागलं की माझं बंद व्हायचं, आणि माझं लावलं की अम्मायींच्या उशाशी तो किंचाळणारा माणूस सुरू व्हायचा.

शेवटी नश्वाने कपाळावर हात मारला. म्हणाली, “उप्पा, तुम्ही कशालाही हात लावू नका. मी मेलोडिक्सची कुटुंब योजना घेते. सगळ्यांना आपापली गाणी मिळतील.” योजनेला एक कुटुंबप्रमुख लागतो. घर सौजतच्या आईचं, म्हणून प्रमुख सौजत. खाली नश्वा, अम्मायी, आणि सगळ्यात शेवटी मी. त्या यादीत माझं नाव पाहून मला बरं वाटलं. सासुरवाडीत माझ्या नावाची पाटी कुठेच नाही. निदान फोनमध्ये तरी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे उम्माकडे जेवत होतो. फोनवर मेलोडिक्सचा प्रश्न आला. कुटुंब योजनेतल्या सगळ्यांनी एकाच पत्त्यावर राहणं आवश्यक आहे, तुम्ही आत्ता जिथे आहात तो तुमच्या कुटुंबाचा पत्ता आहे का?

मी घास तोंडात धरून विचारात पडलो. जिथे बसलो होतो ते घर माझं, पण कुटुंबाचा पत्ता तो नव्हे. कुटुंबाचा पत्ता सौजतचा, पण ते घर माझं नव्हे. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. (बोललो की लगेच पकडला जातो, म्हणून.) मी ‘नाही’ दाबलं. त्याने पुढे विचारलं, मग तुम्ही राहता कुठे? दिवसा की रात्री, असं विचारायची त्यात सोय नव्हती. मी ‘दुसरीकडे’ दाबलं आणि जेवण पुरं केलं.

त्याच वेळी तिकडे सौजतचा फोन वाजला. ती स्वयंपाकघरात होती आणि फोन अम्मायींजवळ. अम्मायींसमोर शेजारच्या कुञ्ञायिशा पान लावत बसल्या होत्या. बातम्या पोचवण्याच्या कामी त्यांच्यापुढे आकाशवाणी मागे पडावी. अम्मायींनी चष्मा चढवला आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं, ‘मूसक्कोया आता तुमच्यासोबत राहत नाहीत. त्यांना कुटुंबातून काढायचं का?’

मूसक्कोया म्हणजे मी.

अम्मायींची अशी समजूत आहे, की फोनने काही विचारलं तर ‘हो’ म्हणावं म्हणजे तो गप्प बसतो. त्यांनी ‘हो’ दाबलं. फोन म्हणाला, मूसक्कोया यांना कुटुंबातून काढण्यात आलं आहे. कुञ्ञायिशांनी अर्धवट लावलेलं पान डब्यात ठेवलं आणि उठून चपला शोधू लागल्या.

माझ्या फोनवर संदेश आला तेव्हा मी वखारीत होतो. ‘सौजत यांनी तुम्हाला कुटुंबातून काढलं आहे.’ खाली बाकी काही नाही. कारण नाही, सही नाही.

आता तुम्ही म्हणाल, की हे गाण्यांबद्दल आहे हे मला कळायला हवं होतं. हवं होतं खरं. पण माणसाच्या मनात काही खुपत असलं की त्याला साधं वाक्यही सरळ वाचता येत नाही. त्याच सकाळी मी कल्लुम्मक्काया खाताना म्हणालो होतो, की आज शिंपल्या जरा चिवट झाल्यात. पुतियाप्ल्याने सासुरवाडीच्या अन्नाला नाव ठेवल्याचं आमच्याकडे ऐकिवात नाही. सौजत तेव्हा काही बोलली नव्हती. आता मला त्या न बोलण्याचा अर्थ लागला.

मी चंद्रनला संदेश दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, की आजकाल सगळं फोनवरूनच होतं बाबा.

संध्याकाळी मी बायकोकडे गेलो नाही. काढलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने जायचं? वाटेत कुट्टिचिऱ्याच्या तळ्याकाठी बसलेली मंडळी माझ्याकडे पाहून एकदम गप्प झाली. न्हाव्याने दुकानातून हाक मारून फुकट दाढी करून दिली. उम्माकडे पोचलो तर माझी बहीण माझ्या लहानपणच्या खाटेवर चादर घालत होती आणि डोळे पुसत होती. उम्माने मला एका पोळीऐवजी दोन दिल्या.

खरं सांगतो, त्या खाटेवर मला झोप लागेना. सासुरवाडीचं अन्न सोडा, पण सौजत रोज संध्याकाळी मी आत शिरलो की न बघताच म्हणते, “आलात?” त्यात काही विशेष नसतं. ते ऐकलं नाही म्हणून मला दिवस संपल्यासारखाच वाटेना. फोन उचलून तिला विचारावं असं शंभरदा मनात आलं. पण काय विचारणार? मला का काढलंस? आणि ती म्हणाली असती, की शिंपल्या चिवट होत्या ना, मग?

तिकडे सौजतने माझी वाट पाहिली. मी आलो नाही. तिने फोन उघडला, तर त्यात लिहिलेलं, की मूसक्कोया यांनी ‘मी दुसरीकडे राहतो’ असं कळवलं आहे. ती त्या दुसरीकडेचा विचार करत बसली. (माझ्याकडे बघून कोणाला दुसरीकडेचा संशय येईल, हेच एका परीने मला सुखावणारं आहे. पण हे मी तिच्यापुढे बोललेलो नाही.)

सकाळी उम्माने माझ्या मामांना, बीरानमामांना, बोलावलं. मामा आमच्या घराण्यातले समझोते करतात, म्हणजे दोन्ही बाजूंचं खाऊन घसा खाकरतात. उम्मा, मामा आणि मी असे तिघे सौजतच्या घरी गेलो. दारात तिने मला “आलात?” म्हटलं नाही. पण समोर केळ्याचं तळलेलं गोड उन्नक्काया आणि बिनदुधाचा सुलैमानी चहा आला, तेव्हा मला आशा वाटली. भांडण कितीही पेटलं तरी या घरातली कढई विझत नाही.

मामांनी घसा खाकरला आणि म्हणाले, मुलाची चूक काय ती सांगा. सौजत म्हणाली, “चूक त्यांनाच विचारा. दुसरीकडे राहतो असं त्यांनीच लिहून दिलंय.”

मी म्हणालो, “आणि मला काढलं कोणी?”

“मी कुठे काढलं?”

“तुझं नाव आहे त्यात.”

“माझं नाव मला विचारून घातलं का त्यांनी?”

मामांनी उन्नक्काया संपवलं आणि दुसरं घेतलं. तेवढ्यात नश्वा केस विंचरत बाहेर आली. सगळ्यांचे चेहरे पाहून तिने दोन्ही फोन मागून घेतले, आणि दोन वाक्यांत उलगडा केला. एक, उप्पांना गाण्यांच्या योजनेतून काढलंय, घरातून नाही. दोन, ते बटण उम्मामांनी दाबलंय.

सगळे अम्मायींकडे वळले. त्या शांतपणे म्हणाल्या, की त्यांनी ‘हो’ म्हटलं कारण फोन चांगल्या भाषेत विचारत होता. शिवाय त्यांना हे मेलोडिक्स नकोच आहे. त्यांना ते पाट्टुवंडीचं फुकटचंच बरं, कारण त्यात गाण्यांच्या मध्ये एक मुलगी येते आणि ‘तुम्हाला अडथळ्याविना गाणी ऐकायला आवडेल का’ असं विचारते. “रोज विचारते बिचारी. या घरात मला कोण विचारतं, काय आवडेल म्हणून?”

म्हणजे माझा सगळा खटाटोप, तीन दुकानं, एक कुटुंब योजना आणि एक मोडायला आलेला संसार, ज्यांच्यासाठी होता, त्या अम्मायी एका जाहिरातीवर खूश होत्या.

सौजतने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे, हे मला कळेना. मग ती न बघता म्हणाली, “चहा गार होतोय तुमचा.” मी कप उचलला आणि एका दमात रिकामा केला.

नश्वाने विचारलं, की मग आता यातलं ठेवायचं कोणतं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. मी म्हणालो, की तिन्हींचे काही गुण आहेत, काही दोष आहेत, तेव्हा मला जरा विचार करू द्या.

“त्याला विचारू नका,” उम्मा म्हणाली. “लग्नाच्या वेळी तीन स्थळं दाखवली याला. पावसाळा गेला, रमझान गेला, याचा विचार चाललेलाच. शेवटी मी म्हटलं, ज्या घराला पायऱ्या कमी त्या घरची करू. माझे गुडघे तेव्हापासूनच दुखतात.”

मी सौजतकडे बघायचं टाळलं. पण आत कुठेतरी मला थोडा अभिमानही वाटला. कसं का होईना, तिघींमधून निवड करणारा मी होतो. त्या घरात माझ्याही पसंतीला कधीकाळी किंमत होती.

अम्मायींनी मान डोलावली. “आमच्याकडेही तीन मुलांची स्थळं होती,” त्या म्हणाल्या. “एक दुबईला गेला, एकाच्या उम्माला हुंडा हवा होता. मग हा उरला.”

“चार, उम्मा,” सौजत माझ्या ताटलीत उन्नक्काया वाढत आपल्या आईला म्हणाली. “तिसऱ्याने आपल्याला नकार दिला होता. हे चौथे.”