मोराची यादी

मुलांनो, तुमच्यापैकी कुणीतरी चांगली चालणारी वस्तू काढून तिथे चकचकीत वस्तू बसवली आहे. मी नाव घेत नाही. ज्याने बसवली त्याने मान खाली घालून ऐकावं.

एका जंगलात उन्हाळ्यात एकच तळं उरलं. चेंगराचेंगरी नको म्हणून सिंहमहाराजांनी हुकूम काढला. प्रत्येकाने दर आठवड्याला मोबाइलवर आपला वार निवडायचा आणि त्याच वारी पाणी प्यायचं.

वेबसाइट सुगरण पक्षिणीने केली. एका सकाळीत. वार निवडायला ब्राउझरमध्ये आयती यादी असते, तीच तिने लावली. बोट ठेवलं की वार उघडत. चिचुंद्रीला नीट दिसत नाही, तर फोन तिला ते वाचून दाखवी. तिने मंगळवार निवडला, पाच पिल्लांना पाणी पाजलं आणि घरी गेली.

कुणाचीच तक्रार नव्हती. म्हणून समितीची बैठक बोलावली.

"यादी फार राखाडी आहे," अध्यक्ष कोल्हेसाहेब म्हणाले.

"चालते ना पण?" सुगरण म्हणाली.

"चालते हो! पण आयतीच लावायची, तर तू काय केलंस?"

मग शेजारच्या जंगलातल्या मोराने बनवलेली यादी मागवायची ठरली. तिच्यात वार पिसाऱ्यासारखे उलगडत.

यादी आली. एकटी नाही आली. वार रंगवायला सरडे आले. सरड्यांना धरायला माकडं आली. माकडांना आवरायला अस्वलं आली. शेवटी एक हत्ती आला.

"हा कशाला?" सुगरणीने विचारलं.

"सोमवारनंतर मंगळवारच येतो ना, ते तपासायला."

"नाही तपासलं तर?"

"तसं अजून कुणी करून पाहिलेलं नाही," कोल्हेसाहेब गंभीरपणे म्हणाले.

एकूण त्रेचाळीस जण मुक्कामाला राहिले. ते कामावरचे, म्हणून त्यांना वाराचं बंधन नव्हतं. ते रोज पीत.

पुढच्या आठवड्याचा वार निवडायला चिचुंद्रीने फोन उघडला. फोन म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र. हत्ती."

ती तशीच तळ्यावर गेली. मागे पाच पिल्लं, एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून.

"वार कोणता, मावशी?" पहाऱ्यावरच्या टिटवीने विचारलं.

"कळतच नाही गं. फोन नुसता हत्ती म्हणतो."

"मग निवडून या. माझा नाइलाज आहे."

रांग तहानलेली परत फिरली.

सुगरण समितीसमोर ओरडलीच. "जुनी यादी परत लावते! दुपारपर्यंत होईल. पिल्लं मरतील हो!"

"मागे जायचं?" कोल्हेसाहेबांना धक्का बसला. "मुळीच नाही. आपण आणखी एक वस्तू मागवू. ती मोराच्या यादीला आयत्या यादीसारखं दिसायला आणि बोलायला लावते."

तिच्याबरोबर आणखी नऊ हत्ती आले. बसवायला सहा दिवस लागले. तोवर सुगरण चोचीतून थेंब थेंब आणून पिल्लांना पाजत होती. अर्थातच नियमाविरुद्ध.

सातव्या दिवशी यादी उघडली. राखाडी. साधी. स्पष्ट बोलणारी.

"वा! अगदी आयतीसारखी!" समितीने टाळ्या वाजवल्या.

चिचुंद्रीने मंगळवार निवडला. मंगळवारी ती तळ्यावर आली. टिटवीने सलाम ठोकला. "वार बरोबर आहे, मावशी. जा."

तळ्यात चिखल होता. बावन्न पाहुणे महिनाभराचं पाणी पिऊन बसले होते.

चिचुंद्रीने चिखल हुंगला. तिने रांग वळवली आणि शेजारच्या जंगलाची वाट धरली. तिथे पाणी होतं. तिथेही वार लागे, म्हणून तिने फोन उघडला, तर फोनने सातही वार स्वच्छ वाचून दाखवले. मोराने स्वतःच्या जंगलाला आयतीच यादी लावली होती.

तात्पर्य : आयती वस्तू चांगली चालत असेल तर ती ताबडतोब काढून टाकावी. नाहीतर आपल्याला काही कामच नाही, हे लोकांच्या लक्षात येतं.

हे ऐकून चिखलात एकटा उरलेला बेडूक म्हणाला, "तात्पर्य तरी आपलं आहे, की तेही मोराकडूनच मागवलं?"