बारा तासांत बालाघाटचा एक माणूस

वामनराव नागपुरे समोरच्या माणसाला नाव विचारत नाहीत. आधी विचारतात, "बालाघाट साईडचे का?"

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बाजारात हे विचारलं तर ठीक आहे. पण नागपूरला त्यांच्या हृदयाची तपासणी होती, तेव्हा टेबलावर आडवं पडल्यापडल्या त्यांनी तोंड झाकलेल्या डॉक्टरला हेच विचारलं. डॉक्टरची सासुरवाडी बालाघाटजवळच्या वारासिवनीची निघाली. मग तपासणी बाजूला राहिली आणि सासऱ्यांचं घर पोस्टाच्या मागे की पुढे यावर चर्चा सुरू झाली. शेवटी नर्सने दोघांनाही गप्प केलं.

वामनराव आमचे शेजारी. पोस्टात चौतीस वर्षं चिठ्ठ्या वेगळ्या करून खणांत टाकायचं काम केलं. त्यामुळे जिल्ह्यातलं प्रत्येक आडनाव त्यांच्या डोक्यात गावासकट बसलेलं. "आडनाव सांगा, गाव सांगतो," असं ते म्हणतात, आणि दहातल्या सात वेळा बरोबर सांगतात. उरलेल्या तीन वेळा म्हणतात, "तुमचे आजोबा तिथूनच आले असन. घरी विचारून पाहा."

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तीन वर्षांपूर्वी गेल्या. पुण्याच्या मुलीने बाबांचं मन रमावं म्हणून त्यांना मुंबई ते गोवा आणि परत अशी जहाजाची सहल काढून दिली. एकट्याने जायला ते तयार होईनात, म्हणून दुसऱ्या तिकिटावर मी गेलो. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे ते मला मास्तर म्हणतात. निघताना चहाच्या टपरीवर त्यांनी जाहीर करून टाकलं, की जहाजात निदान एक तरी आपला माणूस शोधून दाखवीन.

जहाजाला अकरा मजले होते. लोक पोहत होते, नाचत होते, समुद्रात बुडणारा सूर्य बघत होते. वामनराव मजल्यामागून मजला आडनावं विचारत फिरत होते. आचारी ओडिशाचा निघाला. गाणारा गोव्याचा. एका परदेशी नाचणारीलाही त्यांनी सोडलं नाही. परत येऊन मला म्हणाले, "तिच्या आडनावाच्या शेवटी 'को' आहे. आपल्याकडे नाही तसं."

चौथ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही मुंबईच्या बंदरावर उतरलो. नागपूरचं विमान रात्री नऊला. मधे बारा तास. माझा बेत साधा होता. सरळ विमानतळावर जायचं, गार हवेत एखादी खुर्ची पकडायची आणि झोपायचं.

"बारा तास आहे मास्तर," वामनराव म्हणाले. "अकरा मजल्यांवर नाही भेटला, पन एवढ्या मोठ्या मुंबईत एक त भेटलाच पाहिजे. टपरीवर तोंड काय दाखवू मी?"

मग आम्ही दोन चाकांच्या बॅगा खडखडवत निघालो. पहिला टॅक्सीवाला जौनपूरचा. दुसराही जौनपूरचा, आणि पहिल्याचा मेहुणा. चौकातल्या हवालदाराच्या छातीवर 'पाटील' लिहिलेलं. वामनराव त्याला न विचारताच परतले. "पाटील त पद आहे. त्यातून गाव नाही निघत." उपाहारगृहात त्यांनी वेटरला, वेटरच्या मालकाला आणि शेजारच्या टेबलावर साखरपुड्याची बोलणी करायला आलेल्या दोन कुटुंबांना विचारलं. मुलाकडच्यांना वाटलं हे मुलीचे काका, मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाचे. दोन्ही बाजूंनी त्यांना आग्रहाने खाऊ घातलं. कोणीच बालाघाटचं नव्हतं.

बारा वाजता आम्ही बंदराजवळच्या एका बागेत बसलो. माझे पाय दुखायला लागले होते. वामनरावांनी थोडा विचार केला, मग खिशातून मोबाइल काढून कानाला लावला आणि बागेत फेऱ्या मारायला लागले. मोठ्याने बोलत होते, "हौ, मुंबईतच आहो. काहून रे? धान झालं का कापून? लांजीची बस येऊन राह्यली का टाइमावर?"

"कोणाचा फोन?" ते जवळून जाताना मी विचारलं.

"कोनाचाच नाही," ते हळूच म्हणाले. "गळ टाकून राह्यलो. आपलं कोनी असन त बोली आयकून वळून पाहीन."

वळून सगळेच पाहत होते. बाकावरच्या एका साहेबाने तर जागा बदलली. पाचव्या फेरीला वामनराव रंगात आले होते. कटंगीच्या बाजारातल्या वांग्यांची चौकशी चालू होती. तेवढ्यात त्यांच्या कानाला लावलेला फोन खणखणून वाजला. ते दचकले, पण थांबले नाहीत. फोन वाजतोय आणि हे त्याच फोनमधे सांगताहेत, "हौ हौ, भरताचेच वांगे पाठव."

झाडाखालच्या बाकावर पन्नाशीची एक बाई बसली होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत एक अगदी म्हाताऱ्या बाई डुलक्या घेत होत्या. बाकावरची बाई पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "काका, तुमचा फोन त वाजून राह्यला."

वामनराव जागच्या जागी थांबले. फोन पुण्याच्या मुलीचा होता. तो त्यांनी सरळ कापला.

"माहेरचं आडनाव काय तुझं?"

"कावरे."

"कावरे," त्यांनी डोळे मिटले. "लांजी. नाही त किरनापूर."

"लांजी," ती म्हणाली.

मला वाटलं आता हे उड्या मारतील. त्यांनी बॅग आडवी केली आणि तिच्यावरच बसले.

तिचं नाव मंदा. नवरा ड्रायव्हर, तो सदा गाडीवर. ती जवळच्याच इमारतीत या म्हाताऱ्या बाईंना सांभाळते. म्हणाली, "अकरा वर्स झाले गावाले जाऊन. या आजीले सोडून जाता येत नाही. आन इथं 'मले' म्हनलं का लोक हसते, म्हनून बोलनंच सोडून देलं."

मग ती विचारत गेली आणि वामनराव सांगत गेले. तलावाला पाणी आहे का, किल्ल्याकडचा रस्ता झाला का, बाजार अजून त्याच जागी भरतो का. बसस्टँडवर भजी तळणारा म्हातारा वारला, हे ऐकून तिचं हसू गेलं. मुलगा तिथेच तळतो आणि बापापेक्षा बरी तळतो, हे ऐकून पुन्हा हसली. चाकाच्या खुर्चीतल्या बाई जाग्या झाल्या, ऐकत बसल्या, पुन्हा झोपल्या. चार कधी वाजले कळलं नाही.

उठताना ती चाचरत म्हणाली, "माय एकटीच राह्यते गावाले. ऐकू कमी येते, डोळ्याले दिसत नाही. एक पिशवी नेऊन देसान का तिले?"

वामनरावांनी नुसती मान हलवली. ती घरी जाऊन पिशवी घेऊन आली. एक लुगडं, गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली आणि बिस्किटांचे पुडे.

तेलाची बाटली विमानात हाताशी नेता येत नाही. मी ती मोठ्या बॅगेत घातली, तरी वामनरावांनी तीनदा बॅग उघडून झाकण घट्ट आहे का ते पाहिलं. विमानतळावर आमच्या भोवती शेकडो माणसं होती. त्यांनी एकालाही काही विचारलं नाही.

पिशवी त्यांनी दुसऱ्याच दिवशी लांजीला पोचवली आणि टपरीवर बागेतली गोष्ट आठवडाभर सांगितली. माझ्या मते विषय तिथे संपला.

दोन महिन्यांनी माझी लांजीला परीक्षेची ड्यूटी लागली. रविवारी जागा बघून यावी म्हणून निघालो, तर बसमधे वामनराव आधीच बसलेले. मांडीवर पुन्हा एक भरलेली पिशवी.

"कुठे काका?"

"लांजीले. काम आहे थोडं."

माझं काम तासाभरात आटोपलं. मग त्यांच्यासोबत गेलो. गावाच्या टोकाला कौलारू घर, दारात बाज, बाजेवर म्हातारी. वामनरावांनी पायातलं काढलं आणि तिच्या पायाला हात लावला. तिने त्यांचा हात चाचपला, ओळखला आणि सुरू झाली.

"आला का? पोरीले काहून नाही आनलं? अकरा वर्स झाले, काही लाज वाटते का नाही तुले? दर खेपेले एकटाच येतो तोंड घेऊन. असा कसा जावई भेटला मले?"

सदुसष्ट वर्षांचे वामनराव मान खाली घालून उभे होते. अर्धा तास म्हातारी बोलत होती. ते मधेमधे कानाशी वाकून म्हणत होते, "चुकलं, आई." मग त्यांनी मंदाला फोन लावला आणि म्हातारीच्या बऱ्या कानाशी धरला. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.

परतीच्या बसमधे मी म्हणालो, "काका, तुम्ही जावई नाही हे एकदा सांगून टाका तिला."

"सांगतलं ना दोनदा. आयकू नाही येत तिले."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आन मास्तर, तुमची काकू गेल्यापासून मले कोनी रागावलं नाही. पोरगी फोनवर 'काळजी घ्या' म्हनते. तुमी लोक 'काका, काका' करता. हे बुढी तोंड भरून बोलते. घरी जाऊन झोप चांगली लागते."

किरनापूर मागे गेलं. वामनरावांनी रिकामी पिशवी नीट घडी करून खिशात ठेवली.

"आज जरा जास्तच रागावली," ते म्हणाले, आणि वाटभर तोंडावरचं हसू काही केल्या त्यांना लपवता येईना.